ताणा गल्लीतला हत्ती

प्रत्येक घराला स्वतःचा इतिहास असतो आणि तो त्यात राहणाऱ्या माणसांपेक्षा मोठा असतो, असे जागेश्वरराव धकाते यांचे ठाम मत होते. हे मत बनून आठवडा झाला होता. त्याआधीची पन्नास वर्षे त्यांचे मत असे होते की घराला कवेलू असतात आणि ते माकडे फोडतात.

मत बदलले ते तांबड्या रंगामुळे. १९७८ च्या फेब्रुवारीत रस्ते रुंद करणाऱ्या खात्याचे ओव्हरसियर वामनराव हे एक माणूस आणि रंगाचा एक डबा घेऊन ताणा गल्लीत आले, आणि धकात्यांच्या घराच्या बाजूच्या भिंतीवर वरून खालपर्यंत एक रेघ ओढून गेले. रेघेच्या अलीकडचे सगळे रस्त्याचे, पलीकडचे धकात्यांचे. पलीकडे सैपाकघर होते, न्हाणी होती आणि आंगणातले एक सीताफळाचे झाड होते. अलीकडे समोरची खोली होती.

"समोरचीच खोली गेली तर घराची पाठच उरते ना," जागेश्वरराव बायकोला म्हणाले. "पाठीले कोणी घर म्हणत नाही."

कुसुमावती तांदूळ निवडत होत्या. "मंग लोकं मांगून येतीन," त्या म्हणाल्या.

त्यांना समजावण्यात अर्थ नव्हता. समोरच्या खोलीत जागेश्वररावांचे टेबल होते. हिशेब तपासणीच्या सरकारी कचेरीत त्यांच्यावर सात साहेब होते, सैपाकघरात एक कुसुमावती होत्या. पण त्या टेबलामागे बसले की जागेश्वररावांच्या वर फक्त पंखा होता. गल्लीतल्या अर्ध्या लोकांचे अर्ज त्या टेबलावर लिहिले जात. नळाचे, रॉकेलचे, मुलाच्या नोकरीचे, भावाविरुद्धचे. लोक दाराशी चपला काढून वाकून आत येत. दार बुटके होते म्हणून वाकत हे खरे, पण वाकत. न्हाणीजवळ टेबल टाकून कोणी अर्ज लिहून मागितला नसता, हे जागेश्वररावांना पक्के ठाऊक होते.

तेव्हा खोली वाचवायची होती. कचेरीतल्या शेजारच्या टेबलावरचे महादेवराव म्हणाले, "घर ऐतिहासिक ठरलं तर हात लावत नाहीत."

"असा नियम आहे?"

"असं मी वाचलं आहे."

कुठे वाचले ते त्यांना आठवत नव्हते. जागेश्वररावांना तेवढे पुरले. संध्याकाळी घरी येताच त्यांनी चहासुद्धा न घेता समोरच्या खोलीकडे प्रथमच नीट पाहिले.

खोलीत पाहण्यासारखे असे फारसे काही नव्हते. मातीच्या जाड भिंती, वर सागवानी आढे, त्यावर बांबू आणि कवेलू. हे घर जागेश्वररावांच्या आजोबांनी बांधले होते आणि ते कोष्टी होते, विणकर. त्यांच्या काळी या खोलीत माग होता. मागासाठी जमिनीत कमरेएवढा खड्डा होता. विणकर काठावर बसून पाय त्यात सोडायचा आणि खालच्या पावड्या पायांनी दाबायचा. जागेश्वरराव मॅट्रिक झाले, त्यांना सरकारी नोकरी लागली, आणि पहिल्या पगारातून त्यांनी पहिले काम केले ते हा खड्डा बुजवण्याचे. वर शहाबादी फरशी घातली. त्यावर टेबल ठेवले. गिट्टी नीट बसली नसावी, कारण दर पावसाळ्यात तिथली फरशी खचे आणि टेबल लंगडे. कोणी विचारलेच तर जागेश्वरराव म्हणत, "इकडची जमीन काळी आहे." माग होता हे ते म्हणत नसत. त्यात लपवण्यासारखे काही नव्हते, कारण गल्लीतल्या प्रत्येक घरात तोच खड्डा तसाच बुजवलेला होता आणि प्रत्येक घरातले टेबल हलत होते.

आणखी दोन गोष्टी होत्या. एक, खिडकी. ती जमिनीपासून जेमतेम वीतभर वर होती. उभ्या माणसाला तिच्यातून काही दिसत नसे आणि बाहेरच्याला आतल्याचे फक्त पाय दिसत. दुसरी, भिंतीत अर्धा रुतलेला एक सागवानी खुंटा. मांडीएवढा जाड, छातीएवढा उंच, वरच्या टोकाशी दोरीने झिजून खोल खाच पडलेली. खड्डा बुजवला तेव्हा तो काढायचा घाट घातला होता, पण खुंट्याबरोबर भिंतही हलू लागली म्हणून राहू दिला. त्यावर जागेश्वररावांची छत्री टांगलेली असे.

खुंट्यापाशी बाजेवर नानाजी पडले होते. नानाजी म्हणजे जागेश्वररावांचे काका, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी या खोलीत तीस वर्षे माग चालवला होता, आणि माग गेल्यापासून ते त्याच खोलीत रेडिओ ऐकत होते. तोंडात दात नव्हता.

"नानाजी, ह्या खुंट्याले पहिले काय बांधे?"

नानाजींनी रेडिओ बारीक केला. गेल्या कित्येक वर्षांत 'जेवले का' यापलीकडे त्यांना कोणी काही विचारले नव्हते. त्यांनी विचार केला आणि एक शब्द उच्चारला. दात नसल्यामुळे तो शब्द ओठांतून बाहेर पडेपर्यंत जरा मऊ झाला.

"हत्ती?" जागेश्वरराव म्हणाले.

"हात्या म्हणून राहिले जी ते," सैपाकघरातून कुसुमावती म्हणाल्या. त्या उमरेडच्या, माहेरही विणकरांचेच. "मागाचा हात्या. आमच्या घरी बी होता."

हात्या म्हणजे मागावरची ती जड लाकडी चौकट, जिच्यात फणी बसवलेली असते आणि जी अंगाकडे ओढून विणकर प्रत्येक धागा ठोकून बसवतो. ती वर आडव्या दांडीला दोरीने बांधून लोंबती ठेवतात, आणि ती दांडी या खुंट्यावर टेकलेली असे.

जागेश्वररावांना दोन्ही शब्द ऐकू आले होते. सरकारी कचेरीत अठ्ठावीस वर्षे काढलेला माणूस अशा वेळी गोंधळत नाही. समोर दोन कागद आले की त्यातला कोणता वर पाठवायचा, हे त्याला कळते. हात्या वर पाठवून काही होण्यासारखे नव्हते. नागपुरात हात्या पाचशे घरांत होता. हत्ती एकाही घरात नव्हता.

"नानाजी, हत्तीच म्हणाले ना तुमी?"

नानाजींनी पुतण्याच्या तोंडाकडे पाहिले. त्या तोंडावर इतके लक्ष त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते.

"व्हय," ते म्हणाले. "मोठा होता."

जागेश्वररावांच्या पत्रावरून प्राध्यापक मनोहरराव दुसऱ्याच रविवारी आले. ते निवृत्त होते आणि भोसलेकालीन नागपूर हा त्यांचा विषय होता. त्या विषयात नवीन काही सापडून बरीच वर्षे झाली होती. त्यांनी खुंट्याभोवती तीन चकरा मारल्या, खाचेत बोट फिरवले, मग खाली बसले आणि त्या बुटक्या खिडकीतून बाहेर पाहिले.

"ही खिडकी इतकी खाली का आहे, काही कल्पना?"

जागेश्वररावांना कल्पना होती. विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो, तेव्हा उजेडही तिथेच यावा लागतो. पण त्यांनी पाहुण्याला आधी बोलू दिले.

"हत्तीला चारा द्यायला," मनोहरराव म्हणाले. "माहुताची झोपडी इकडे, हत्ती तिकडे. सोंड आत."

"मलाही तसाच संशय होता," जागेश्वरराव म्हणाले. बाहेरच्या माणसाशी ते नेहमी पुस्तकी भाषेत बोलत. ती भाषा बोलताना त्यांचा आत्मविश्वास दुप्पट होई आणि आवाज खर्जात जाई.

नानाजींना चहा आणि दोन संत्राबर्फ्या मिळाल्या. बर्फी संपेपर्यंत त्यांना हत्तीचे नाव आठवले. गुलाबबक्ष. दुसऱ्या कपानंतर त्याचा स्वभावही आठवला. भोसल्यांचे राज्य जाऊन सव्वाशे वर्षे झाली होती आणि नानाजी अठ्ठ्याहत्तरचे होते. ही तफावत मनोहररावांनी 'मौखिक परंपरा' असा शब्द घालून भरून काढली.

"आजोबा, तो दिवसातून काय खायचा?"

"जे देऊ थे," नानाजी म्हणाले. "नखरे नोयते त्याचे."

"माणसाइतके तरी नोयते," कुसुमावती कपबशा उचलता उचलता म्हणाल्या.

लेख एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत आला. 'ताणा गल्लीतील गजशाळा.' सोबत खुंट्याचे छायाचित्र होते. छत्री काढून ठेवायची राहिली होती. तो रविवार जागेश्वररावांच्या आयुष्यातला सर्वांत चांगला रविवार ठरला. लोक येत होते, वाकून आत शिरत होते, खुंट्याला हात लावत होते. कोणी नमस्कारही केला. समोरच्या घरातले रुपराव, ज्यांच्या घरात तसाच खुंटा होता आणि ज्यावर ते बनियन वाळत घालत, ते खुंट्याला वीत लावून पाहू लागले आणि म्हणाले, "जागेश्वर, आमच्या खुंट्याले काय बांधत असन गा?"

"तुमचा बारीक आहे," जागेश्वरराव म्हणाले. "घोडा असेल."

रुपराव समाधानाने घरी गेले.

ओव्हरसियर वामनराव आठवड्याने, शनिवारी सकाळी, आले. बरोबर रंगाच्या डब्याचा माणूस होताच, शिवाय कागद घेतलेला एक कारकून होता. जागेश्वरराव टेबलामागे बसून त्यांची वाटच पाहत होते. वामनरावांनी खिशातून लेखाचे कात्रण काढले.

"अभिनंदन, धकातेसाहेब. लेख वाचला. घरीही सर्वांनी वाचला."

"आपला आभारी आहे. तेव्हा आता त्या रेघेचं..."

"त्यासाठीच आलो. खुंटा हाच ना?"

"हाच."

"जागचा हललेला नाही?"

"इंचभरही नाही."

"म्हणजे हत्ती बरोबर इथं उभा राहायचा."

"निःसंशय."

वामनरावांनी वळून दाराकडे पाहिले. ते स्वतः वाकून आले होते आणि तरी टोपी चौकटीला लागली होती. "हत्ती या दारातून यायचा?"

जागेश्वरराव हसले. अडाणी प्रश्नाला विद्वान माणूस हसतो तसे. "दार नंतरचं आहे, साहेब."

"आणि ही भिंत?"

"तीही नंतरचीच."

"छप्पर?"

"हत्ती काय छपराखाली बांधतात? हे सारं मोकळं मैदान होतं."

"मैदान कोणाचं?"

"सरकारी. भोसल्यांच्या सरकारचं," जागेश्वरराव म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातला खर्ज खोलीभर घुमला.

"घ्या लिहून," वामनराव कारकुनाला म्हणाले. "घरमालकाचं म्हणणं असं की जागा मुळात सरकारी, मोकळी, दार, भिंत, छप्पर सगळं मागाहून चढवलेलं." मग जागेश्वररावांकडे वळून अगदी सौजन्याने, "आम्ही खोलीची भरपाई देणार होतो. आता अतिक्रमण म्हटल्यावर ती देता येणार नाही. पण आपण होऊन सांगितलंत, असं लोक सहसा सांगत नाहीत."

जागेश्वररावांनी तोंड उघडले. त्याआधी बाजेवरून नानाजी बोलले. साहेब लोक हत्तीविषयी विचारत आहेत आणि आपल्याला कोणी विचारत नाही, हे त्यांना खटकत होते.

"थो मांगं सरके," नानाजी म्हणाले.

"काय म्हणाले?"

"गुलाबबक्ष. मांगं सरके ना. लय जागा लागे त्याले."

"कुठपर्यंत?"

नानाजींनी हात लांब करून दाखवला. हात सैपाकघराकडे गेला. वामनरावांनी डब्याच्या माणसाला खूण केली, आणि नवी रेघ चुलीच्या भिंतीवर पडली.

"सोमवारी परत येतो," वामनराव निघताना म्हणाले. "आपलं काही वेगळं म्हणणं असलं तर तेव्हा सांगा. नसलं तर हेच कायम."

गाडी गेली. कुसुमावतींनी रेघ पाहिली. ओला रंग पोळपाटाला लागला होता.

"चूल सरकारची झाली जी," त्या म्हणाल्या. "लाटणं आपल्याकडे राहिलं."

जागेश्वरराव समोरच्या खोलीत परतले. ते टेबलाशी जाऊन बसले. टेबल हलले. दुसरा कोणी असता तर आपण चुकलो असे त्याच्या मनात आले असते. जागेश्वररावांच्या मनात तसे आले नाही. पुराव्यात नवीन बाब निष्पन्न झाली आहे, असे आले. थोड्या वेळाने ते उठले, टेबल भिंतीकडे सरकवले आणि आंगणातून सब्बल, म्हणजे पहार, घेऊन आले.

"आता काय करून राहिले?"

"खड्डा काढतो."

"अठ्ठावीस वर्ष म्हणत होते जमीन काळी आहे."

"काळीच आहे. खाली खड्डा आहे."

कुसुमावतींनी पदर खोचला आणि दुसऱ्या बाजूने फरशी धरली. फरशीखाली गिट्टी होती, गिट्टीखाली विटांचे तुकडे, त्याखाली एक फुटकी चिमणी, आणि जागेश्वररावांचे मॅट्रिकचे भूगोलाचे पुस्तक, जे त्या वेळी भर म्हणून टाकले होते. दुपारपर्यंत खड्ड्याच्या कडा लागल्या. त्या शेणामातीने सारवलेल्या होत्या आणि अजून गुळगुळीत होत्या. एका बाजूला, जिथे विणकराच्या मांड्या टेकत, काठ दोन ठिकाणी झिजून वाटीसारखा झाला होता.

नानाजी बाजेवरून पाहत होते. मग ते उठले, काही न विचारता काठावर बसले, पाय आत सोडले, आणि मांड्या त्या दोन वाट्यांत बरोबर बसल्या. खिडकीतला उजेड त्यांच्या हातांवर पडला. पाय खाली आपोआप चालू लागले, एक वर, एक खाली. पावड्या नव्हत्या. जागेश्वररावांनी दुसरीकडे पाहिले. ते खड्ड्याची लांबी मोजत आहेत असे वाटले असते, पण टेप त्यांच्या हातात नव्हता.

"आता हात्या पायजे," नानाजी म्हणाले. हा शब्द आता स्वच्छ ऐकू आला.

"तो कुठून आणू?"

"मांगच्या दाराले लावता थे काय आहे मंग?" कुसुमावती म्हणाल्या.

मागच्या दाराला रोज रात्री जागेश्वरराव जो अडसर लावत, तो त्या काढून घेऊन आल्या. काळे, जड, मधोमध खोबण असलेले लाकूड. जागेश्वरराव अठ्ठावीस वर्षे हा वाडवडिलांचा हात्या दाराला लावून निर्धास्त झोपत होते. चोर एकदाही आला नव्हता.

आता अडचण उरली ती हत्तीची.

"नानाजी, सोमवारी साहेब येणार. त्यांना सांगायचं की हत्ती नव्हता. हात्या होता."

"काहून?"

"काहून म्हणजे? नव्हताच ना."

"आता नव्हता म्हणता," नानाजी म्हणाले. "रविवारी होता. मले त्याचं नाव बी आठवलं."

"नाव विसरा."

"असं कसं इसरू गा? पेपरात आलं थे."

त्यांनी रेडिओ मोठा केला. रविवारभर ते कोणाशी बोलले नाहीत. जेवायला मात्र आले. सोमवारी सकाळी कुसुमावतींनी त्यांच्यासमोर संत्राबर्फीची ताटली ठेवली आणि त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "नानाजी, हात्याचं नाव गुलाबबक्ष असतं तर चालन का?"

नानाजींनी बराच वेळ चघळले. त्यांना दात नसल्यामुळे विचार आणि बर्फी यांतले नेमके काय चघळले जात आहे ते कळत नसे.

"चालन," ते म्हणाले.

वामनराव आले तेव्हा टेबल बाजूला होते आणि खोलीच्या मध्यभागी खड्डा होता. काठावर नानाजी, पाय आत. खुंट्यावर आडवी दांडी टेकलेली, तिला दोरीने हात्या बांधलेला. छत्री नव्हती.

"हे काय?"

"माझं सुधारित म्हणणं," जागेश्वरराव म्हणाले. हत्तीच्या वेळी होता त्याहून आवाज कणभरही कमी नव्हता. "साहेब, हे घर हत्तीचं नाही. हत्ती ही एक विद्वान माणसाची गैरसमजूत होती. हे घर कोष्ट्याचं आहे, आणि या घरातली एकही गोष्ट मागाहून चढवलेली नाही. आधी खड्डा खणला. मग खड्ड्याभोवती खोली बांधली. ही खिडकी पाहा. इतकी खाली कोण काढतो? जो खाली बसून काम करतो तो. खोली मागाहून बांधली असती तर खिडकी माणसाच्या उंचीवर नसती का आली? दार बुटकं का, तर दुपारची ऊन हवा आत आली की सूत कोरडं पडून तुटतं. आणि या खड्ड्यावर छप्पर नव्हतं असं आपलं म्हणणं असेल, तर चार पावसाळे हा खड्डा कसा राहिला ते मला सांगा."

"ते आपलंच म्हणणं होतं," वामनराव म्हणाले.

"होतं. आणि ही गल्ली." जागेश्वरराव दाराशी गेले आणि वाकून बाहेर बोट दाखवले. "या भागात सगळ्या गल्ल्या वाकड्या. ही एकच दोरीसारखी सरळ का? कारण इथं रोज सकाळी ताणा, म्हणजे मागावर चढवायचं उभं सूत, पसरायचे. सबंध लुगड्यांचा ताणा, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि त्याला खळ लावायचे. मध्ये ताणा, दोन्हीकडे कुंचा घेतलेला एकेक माणूस, आणि भिंतीला टेकून चुका काढणारा तिसरा. तेवढीच रुंदी. ती आजही तेवढीच आहे. आम्ही रस्त्यावर आलो नाही, साहेब. हा रस्ताच आमच्या सुताच्या मापाने काढलेला आहे."

जागेश्वररावांना हे सगळे आपल्याला माहीत आहे हे स्वतःलाच माहीत नव्हते. ते बोलत गेले तसे ते येत गेले. आपण लहानपणी तो तिसरा, भिंतीला टेकलेला होतो, हे मात्र त्यांनी सांगितले नाही.

वामनराव खड्ड्याशी आले. "बसून पाहू का?"

नानाजी नाखुशीने सरकले. वामनरावांनी बूट काढले आणि पाय आत सोडले. त्यांच्या मांड्या त्या वाट्यांपेक्षा मोठ्या होत्या, पण ते बसले. त्यांनी हात्या अंगाकडे ओढून पाहिला. तो धप्पकन आला आणि त्यांच्या पोटाला लागला.

"जड आहे."

"गुलाबबक्ष," नानाजी म्हणाले.

"काय?"

"त्याचं नाव आहे जी थे," कुसुमावती दारातून म्हणाल्या. "लाडाचं."

वामनरावांनी खिडकीतून पाहिले. उभ्याने न दिसणारी गल्ली बसल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसत होती. त्यांच्या गाडीचे चाक, एक बकरी, आणि रुपरावांचे पाय, जे ऐकायला येऊन उभे होते. बाहेर उन्हाचा ताव होता आणि खड्ड्यात पायांना गार लागत होते.

"घर आधीचं आहे," ते अखेर म्हणाले. "रस्ता नंतरचा. अतिक्रमण नाही." मग कारकुनाला, "लिहा. जागेची पाहणी केली. समोरच्या खोलीत विणकराचा खड्डा आढळला. दोन्ही रेघा रद्द."

कारकून घाईत होता. त्याला अजून आठ घरे लिहायची होती. त्याने जेवढे आवश्यक वाटले तेवढे लिहिले.

डब्याच्या माणसाने रेघांवर चुना फासला. जागेश्वररावांनी त्या संध्याकाळी टेबल खिडकीपाशी, खड्ड्याच्या कडेला मांडले आणि पहिल्यांदाच अर्ज लिहून घ्यायला आलेल्या माणसाला विचारले नसताना सांगितले, "हा आमचा मागाचा खड्डा." रुपरावांनीही त्याच आठवड्यात आपली फरशी उखडली. प्राध्यापक मनोहररावांना पत्र गेले. त्यांनी उलट टपाली कळवले की हत्ती असणे निश्चित आहे, फक्त गल्ली शेजारची असावी.

नानाजी दिवसभर पाय सोडून खड्ड्यातच बसू लागले. रेडिओही काठावर ठेवला.

मार्च संपता संपता, जागेश्वरराव कचेरीत असताना, खात्याची ट्रॅक्टरची ट्रॉली गल्लीत उलटी शिरली. तिच्यात मुरूम होता. मुकादमाने कुसुमावतींना विचारले, "खड्डा कुठं आहे, बाई?"

"कोणता खड्डा?"

"धकाते यांच्या इथं खड्डा आढळला, असं वर गेलं आहे. बुजवायचा हुकूम आहे."

"थो घरातला खड्डा आहे."

"हुकमात कुठला ते लिहिलेलं नाही," मुकादम म्हणाला. "बुजवला नाही तर आम्हाला परत जाता येत नाही."

कुसुमावतींनी आत पाहिले. मग गेली अठ्ठावीस वर्षे हलणाऱ्या टेबलाकडे पाहिले.

"नानाजी, जरा उठून बाजेवर बसा," त्या म्हणाल्या. आणि मुकादमाला, "पाणी मारून नीट ठोकजा. मांगच्या वेळी कच्चा राहिला होता."

मजुरांनी नीट ठोकला. संध्याकाळी जागेश्वरराव घरी आले तेव्हा वर फरशी बसली होती, फरशीवर टेबल होते आणि हात्या मागच्या दाराला होता. ते टेबलामागे बसले. मग त्यांनी दोन्ही कोपर टेबलावर टेकून जोर दिला. टेबल हलले नाही.

खड्ड्याला ट्रॉलीतला थोडाच मुरूम लागला. उरलेला परत न्यायचा हुकूम नव्हता, म्हणून तो दाराबाहेर भिंतीला लावून टाकला, आणि तो अजून तिथेच आहे. ताणा गल्ली पूर्वीपेक्षा तीन फूट अरुंद झाली आहे.